एका हाताचा बरमा

गेल्या साली इकबाल मिस्त्री वारला. मयतीला खंडाळ्याच्या बंगल्याचा मुनीम आलता. छत्री काखेत धरून उभा होता आन् शेजारच्याला सांगत होता, "आमचा वॉचमन फार इमानदार होता हो." मला काय झालं कुणास ठाऊक. मी तितंच, कबरीपाशी, त्याच्या अंगावर गेलो. "वॉचमन कुणाला म्हणतो रं? मिस्त्री म्हण! मिस्त्री म्हण त्याला!" लोकांनी मला मागं ओढलं. कुणीतरी म्हणलं, गेणू लोहाराचं डोकं फिरलंय. फिरलं तर फिरलं. पण त्या मुनीमाला काय ठाऊक की त्या माणसाला पुन्हा वॉचमन करणारा कोण होता ते. मला ठाऊक आहे. म्हून सांगतो, ऐका. मधी बोलू नका, न्हाईतर माझ्याच्यानं पुरं व्हायचं न्हाई.

माझं दुकान लोणावळ्यात, बाजाराच्या मागं, वळवणच्या रस्त्याला. दुकान म्हंजे काय, चार खांब, वर पत्रा, भाता, ऐरण आन् मी. गाडीच्या चाकांना धावा चढवायच्या, कुळवाच्या फासा घडवायच्या, बंगल्यांच्या कड्या-कोयंडे करायचे. बाप कामशेतला हेच करायचा. इकबालचा बाप तितंच शेजारी टांग्याच्या घोड्यांना नाल मारायचा. नाल माझ्या बापानं घडवायचा, त्याच्या बापानं ठोकायचा. आमी दोघं त्याच धुरात वाढलो. तो माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, पण डोकं माझ्याहून लय पुढं. सोळाव्या वर्षी घाटाखाली एका कारखान्यात लागला आन् पंचविशीच्या आत फिटर झाला. सुट्टीला आला की खिशात मापाची पट्टी. मला सांगायचा, "गेणूभाऊ, केसाएवढा फरक पडला तरी यंत्र कुरकुर करतं." मी म्हणायचो, "अरं जा! माझ्या कुळवाला केसाचं काय घेणं?" आन् दोघं हसायचो.

मंग एक दिवस यंत्राच्या दातांत त्याचा डावा हात गेला. मनगटापासून गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता, लगीन होऊन तीन वर्षं झालती.

हात गेलेल्या फिटरला कोण काम देणार? शेवटी एका शेठला दया आली. त्यानं त्याला खंडाळ्याच्या बंगल्यावर ठेवला. खाकी कोट, डोक्याला टोपी आन् फाटकाशी एक स्टूल. शेठ वर्षातनं महिना-दीड महिना यायचा. तो आला की उठायचं, फाटक उघडायचं, सलाम करायचा. बाकी वर्षभर स्टुलावर बसून रस्ता बघायचा. मी कधीमधी भेटाय जायचो. एकदा गेलो तर हा बाबा फाटकाची बिजागरी खोलत बसलेला. कुरकुरत होती म्हणे. एका हातानं पाना लावला, जोर दिला, पाना सटकला आन् गटारात पडला. एवढ्याशा गोष्टीवरनं हा माणूस ओक्साबोक्शी रडला. हात तुटला तवा रडला नव्हता. मी पाना धुऊन दिला आन् तसाच घरी आलो.

आता बरम्याचं सांगतो. शेजारच्या बंगल्यात एक गोरा इंजिनेर भाड्यानं राहायचा. त्याच्याकडं विजेवर चालणारा जर्मन बरमा होता, लोखंडाला भोकं पाडायचा. बटण बिघडलं म्हून तो वऱ्हांड्यात तसाच पडलेला. इकबालनं साहेबाला विचारून तो मांडीत घेतला, पायाच्या दोन बोटांत धरला आन् चार दिवस खटपट करून एका हातानं बटण दुरुस्त केलं. साहेब खूश. साल छत्तीस असंल, साहेब विलायतेला निघाला तवा जाताना तो बरमा यालाच देऊन गेला.

तुमी म्हणाल, त्यात एवढं काय? अहो, साधा हातबरमा घ्या. एका हातानं धरून दाबायचा, दुसऱ्या हातानं फिरवायचा. दोन हात नसतील तर तो नुसता लोखंडाचा तुकडा. आन् ह्या विजेच्या बरम्याला मागं पोलादी तबक होतं, छातीनं दाबायला. एका हातानं मूठ धरायची, त्याच हाताच्या बोटानं बटण दाबायचं, छातीनं रेटा द्यायचा. झालं! दुसऱ्या हाताची गरजच न्हाई. जर्मनीत कुणी बसून तो याच्यासाठीच बनवला होता म्हणा ना.

तो बरमा छातीशी धरून तो खंडाळ्याहून चालत माझ्या दुकानात आला. खाकी कोट त्यानं फाटकावर टांगून दिलता. म्हणला, "गेणूभाऊ, मला तुझ्या दुकानातला एक खांब दे."

"खांब? खांब घेऊन काय करतो, खातो?"

"त्या खांबापाशी बसंन. तू घडव, मी भोकं पाडतो. खिडक्यांचे गज, जाळ्या, फाटकं. जे तुझ्याच्यानं होत न्हाई ते मी करतो."

शेजारी विजेवरची पिठाची गिरण होती, तितनं तार ओढून घेतली. आन् पुढली सहा वर्षं, सांगतो तुमाला, त्या खांबापाशी एक माणूस जिता झाला. लोक मला सोडून त्याला हाका मारायचे. "मिस्त्री आहे का?" मी तोंडावर रागवायचो, "लोहार मेला का?" पण आत बरं वाटायचं. दुपारी त्याची बायको, रशिदाभाभी, भाकरी घेऊन यायची, तर हा बरम्यावर वाकलेला असायचा आन् ती खांबाला टेकून नुसती बघत उभी राहायची.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानातली सगळी हत्यारं ओळीनं मांडायची. घण, सांडशी, छिन्न्या, ऐरण, सगळ्यांना तांब्यानं न्हाऊ घालायचं, पुसायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं न्हाई. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याचा. आमच्या बापाची रीत, त्याच्या बापाची रीत. इकबालचा बरमाबी त्या ओळीत असायचा. तो सोता आणून ठेवायचा. तेलाच्या फडक्यानं पुसायचा, मुठीवर एक झेंडू ठेवायचा आन् मला बजावायचा, "वरनं बोटभर टिळा लाव. पाणी न्हाई हां." मी म्हणायचो, "व्हय बाबा, तुझ्या नवरदेवाला आंघोळीचं वावडं." मंग नारळाचं खोबरं पयल्यांदा तोच मागायचा.

लढाई सुरू झाली आन् जर्मनीचं सामान बंद झालं. तवा बरम्याच्या कारबनचं दुखणं निघालं. कारबन म्हंजे काळे ठोकळे, बोटाच्या पेराएवढे दोन. आत जो गाभा गरागरा फिरतो त्याला वीज पोचवायचं त्यांचं काम. फिरता फिरता ते झिजतात, मंग नवे घालायचे. साहेबानं दिलेले चार जास्तीचे होते, ते संपत आलते. पुण्यात रविवार पेठेत विचारलं, कुणी दारात उभं करंना. जर्मन म्हणलं की लोक इकडंतिकडं बघायचे. मुंबईला दोन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं, न्हाई म्हून. बेचाळीस सालच्या पावसाळ्यात बरम्यातनं ठिणग्या निघायला लागल्या, जळका वास यायला लागला. काम झालं की इकबाल बरम्यावर हात ठेवून बसायचा, तापलाय का बघायचा.

त्याच साली खंडेनवमीच्या वक्ताला त्याच्या बहिणीच्या पोरीचं लगीन निघालं, कामशेतला. तो चार दिवस गेला. जाताना बरमा पुसून, माझ्या हवाली करून गेला. "तूच मांड यंदा. टिळा लाव."

मी मांडलं सगळं. न्हाऊ घालत घालत ओळीत शेवटी बरम्यापाशी आलो. आन् माझ्या मनात आलं... अहो, माझ्या मनात काय आलं ते ऐका आन् मंग काय शिव्या घालायच्या त्या घाला. मनात आलं, सहा वर्षं झाली, ह्या बरम्याची पूजा कधी पुरी झालीच न्हाई. सगळ्यांना न्हाऊ, आन् ह्याला नुसता टिळा. म्हून तर ह्याचं असं झालं. म्हून तर ठिणग्या टाकतोय, म्हून तर त्याचं सामान मिळंना. आन् पाण्याची भीती मला वाटावी कशी? मी लोहार. आमच्यात लाल झालेलं लोखंड पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, धार धरतं. जलमभर बघत आलो, लोखंडाचं पाण्यानं वाईट होत न्हाई. पुसलं की झालं.

मी त्याला पाटावर घेतला. तांब्याभर पाणी घातलं. त्यावर वाटीभर दूध घातलं, कारण आजारी होता ना तो. वर आणखी एक तांब्या पाणी. हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले आन् म्हणलं, बाबा, माझ्या मिस्त्रीला संभाळ, तुझ्याबिगर त्याला कुणी न्हाई. मंग असा पुसला, असा पुसला, की आरशासारखा चकाकला. पण त्याच्या अंगाला जाळीच्या फटी होत्या, वारा आत जायला. तितनं किती आत गेलं ते मी बघितलं न्हाई. बघायचं मला सुचलंच न्हाई.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इकबाल आला. मला आपट्याची पानं दिली, गळ्यात पडला. लगनाचं सांगत सांगतच बरमा उचलला, तार लावली, बटण दाबलं. एकदम निळा जाळ झाला, धाडकन आवाज आला आन् जाळीतनं धूर निघाला. गिरणीची वीजबी गेली, गिरणवाला ओरडत आला. इकबालनं बरमा खाली ठेवला न्हाई, तसाच धरून उभा राहिला. धूर त्याच्या तोंडावर जात होता.

थोड्या वेळानं तो खांबापाशी बसला, माझ्याकडं पाठ करून, आन् त्यानं बरमा खोलला. मी भाता ओढत होतो, भट्टीत काई नसताना ओढत होतो. त्यानं आत बघितलं. लय वेळ बघितलं. मंग एक फडकं घेतलं, आतनं कायतरी पुसून काढलं, उठला आन् ते फडकं माझ्या भट्टीत टाकलं. जळून गेलं.

मी विचारलं, "कशानं झालं रं?"

"जुना झालता, गेणूभाऊ. कारबन गेले, आतला गाभा जळला."

बस्स, एवढंच. माझ्या घशापर्यंत आलतं. मी पाणी घातलं, मी दूध घातलं. पण जीभ उचलंना. घणाचा मार खाल्लेला माणूस मी, आन् चार शब्दांना घाबरलो. थू त्या जिभेवर.

त्या संध्याकाळी रशिदाभाभी दुकानात आली. इकबाल तवा गिरणवाल्याकडं तार बघाय गेलता. पदर डोळ्यांवर धरून म्हणली, "भावजी, बरमा कसाबी करून चालू करा. ह्ये पुन्यांदा त्या स्टुलावर बसले तर जगायचे न्हाईत." मी म्हणलं, "भाभी, मी करतो. माझा शब्द." शब्द! ज्यानं मोडलं तोच शब्द देत होता.

मंग पुढं पाच महिने आमचं दुसरं कामच नव्हतं. वडगावला जत्रेत तंबूचा सिनेमा आलता. त्याच्या यंत्रात उजेडासाठी कारबनच्या कांड्या जळतात, असं इकबालला ठाऊक होतं. आमी दोघं गेलो, यंत्रवाल्याला चहा पाजला आन् त्याच्या डब्यातली जळून उरलेली थोटकं मागून आणली. ती सहाणेवर घासायची. मी पकडायची, इकबालनं मापाची पट्टी लावायची. केसभर जास्त झिजलं की थोटूक बाद. नऊ थोटकं बाद केली त्यानं, तवा कुटं दोन ठोकळे बसले. घासून घासून माझ्या बोटांची साल निघाली. बरं वाटायचं मला साल निघाली की.

तारंचं त्याहून अवघड. गाभ्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, शेकडो वेढे. ती सगळी जळालती. लढाईत तांबं कुटनं आणायचं? वळवणच्या एका बंगल्यात मोडका विजेचा पंखा पडलेला, तो मालकाकडनं मागून घेतला. त्याची तार सोडवली. इकबालनं ती बोटांत धरून बघितली आन् म्हणला, "पायजे त्यापेक्षा बारीक आहे." मी म्हणलं, "बारीक तर बारीक, तार तर आहे." त्यानं ती काठीला गुंडाळून ठेवली.

गाभ्यावर तार गुंडाळायला दोन हात लागतात. एक गाभा धरायला, एक तार ओढायला. तवा मी धरायचो आन् तो ओढायचा. माझे हात जाड, भाजलेले. समोर रशिदाभाभी बसून वेढे मोजायची. तार तुटली की मागलं सगळं सोडायचं, पुन्यांदा एकपासनं. असं चार वेळा झालं. एका दुपारी आमी दोघंच होतो, वेढे मीच मोजत होतो. माझ्याच्यानं राहवंना. म्हणलं, "मिस्त्री, मला तुला कायतरी सांगायचंय. त्या खंडेनवमीला..."

त्यानं मान वर केली न्हाई. म्हणला, "गिनती चुकंल, गेणूभाऊ. कितीवर होतो आपण?"

"चौऱ्याऐंशी."

"मंग पंच्याऐंशी म्हण."

मी पंच्याऐंशी म्हणलं. पुन्यांदा तो विषय मी काढला न्हाई. त्यानं काढू दिला न्हाई, हे मला तवा कळलं न्हाई.

होळीच्या आधी चार दिवस बरमा जोडून झाला. जोडांना कथलाचा डाग मी दिला, वर चपडीचं, म्हंजे लाखेचं, लुकण त्यानं लावलं, उन्हात सुकवलं. गिरणवाला, त्याचा गडी, रशिदाभाभी, माझी बायको शालूबाई, सगळी जमली. इकबालनं तबक छातीला लावलं, बटण दाबलं. आन् फिरला हो! घुंऽऽ करत फिरला. भाभी तोंडाला पदर लावून रडाय लागली. शालूबाईनं त्याच्यावरनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. इकबालनं एका पट्टीला भोक पाडलं आन् ती पट्टी डोळ्यासमोर धरून माझ्याकडं बघितलं, भोकातनं. लहानपणी नालाच्या भोकातनं बघायचा तसा. मी हसलो. आयुष्यात इतका मी कधी हसलो नसंन.

दीड महिना चालला. दहा-बारा भोकं पाडली की तापायचा, मंग थांबायचं, ओल्या फडक्याचा वारा घालायचा, पण फडकं लांब धरून हां. आन् मंग पाण्याच्या टाकीच्या घडवंचीचं काम आलं. मोठं काम, खंडाळ्याच्या एका बंगल्याचं, जाड लोखंड, अठ्ठेचाळीस भोकं. मी म्हणलं, नको. तो म्हणला, "आलेलं काम परत लावलं तर मिस्त्री कशाला म्हणायचं?" एकोणिसावं भोक अर्धं झालं आन् बरमा थांबला. धूर न्हाई, आवाज न्हाई, नुसता थांबला.

खोलला तर बारीक तार आत वितळून गोळा झालती. पण ते काई न्हाई, तार पुन्यांदा गुंडाळली असती. सिनेमाचे कारबन कडक निघाले. ज्या तांब्याच्या कड्यावर ते घासतात, ते कडंच त्यांनी खाऊन टाकलतं. पार खाचा पडलेल्या. ते कडं हितं होत न्हाई, मुंबईत होत न्हाई, ते फक्त जिथं बरमा झाला तिथंच होतं, आन् तिथं तर बॉम्ब पडत होते. इकबालनं बोट फिरवून बघितलं. मापाची पट्टी काढलीच न्हाई त्यानं. तवाच मला कळलं.

उरलेली भोकं मी हातबरम्यानं पाडाय घेतली. तो म्हणला, "आण इकडं." मनगटाच्या थोट्याला फडकं गुंडाळलं, थोट्यानं बरम्याचं डोकं दाबलं, उजव्या हातानं फिरवाय लागला. पाच भोकं पाडली. सहाव्याला फडकं लाल झालेलं बघून मी बरमा हिसकावून घेतला. तो भांडला न्हाई. मंग थोडे दिवस तो दाबायचा, मी फिरवायचो. एका माणसाच्या कामाला दोन माणसं, आन् माझी भट्टी थंड. गिऱ्हाईकं माझ्यासाठी खोळंबायची. त्याला ते दिसत होतं. एक दिवस सकाळी आला तो अंगात खाकी कोट. तोच शेठ, तोच बंगला. शेठनं म्हणे कोट जपून ठेवलता.

"मिस्त्री, हे काय?"

"तुझी भट्टी पेटव, गेणूभाऊ. लोकांची कामं अडलीत." एवढं बोलून, बरमा फडक्यात बांधून घेऊन तो गेला. त्याचा खांब तसाच ठेवला मी. अजून तितं कुणाला बसू देत न्हाई.

मी चार-पाच महिने त्याच्याकडं गेलो न्हाई. लाज वाटायची. रशिदाभाभी बाजारात दिसली की मी गल्ली बदलायचो. ती एकदा मागनं आली आन् म्हणली, "भावजी, ह्ये जेवत न्हाईत नीट. येऊन जा एकदा." व्हय म्हणलं. गेलो न्हाई.

मंग त्रेचाळीसची खंडेनवमी आली. सकाळी हत्यारं मांडली. ओळीच्या शेवटी, बरम्याची जागा, मी मोकळी ठेवली. घण धुतला, सांडशी धुतली आन् मान वर केली तर दारात इकबाल. खाकी कोट, टोपी, वाळून निम्मा झालेला. काखेत तेच फडक्यातलं गाठोडं. आत आला, गुडघ्यावर बसला, बरमा सोडला. तेलाच्या फडक्यानं पुसून आणलता. मोकळ्या जागेवर ठेवला, मुठीवर झेंडूचं फूल ठेवलं. मी कुंकवाची वाटी घेतली, टिळ्यापुरतं बोट बुडवलं.

तो म्हणला, "टिळा राहू दे. पाणी घाल आधी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"घाल, गेणूभाऊ. न्हाऊ घाल चांगलं. आता त्याला काई होत न्हाई."

माझ्या हातातनं वाटी पडली. कुंकू सांडलं सगळं. मी म्हणलं, "तुला ठावं होतं?"

"जाळीच्या आत सगळं कुंकूच होतं. दुधाचा वास येत होता."

"मंग बोलला का न्हाईस रं? शिव्या द्यायच्या, कानाखाली मारायची! वर्षभर मी हितं कुढून कुढून मरतोय..."

"तू त्याच्या भल्यासाठी घातलं, ते मला कळत न्हाई व्हय?" तो खाली बघून बोलत होता. "आन् बोललो असतो, तर तू माझ्यासमोर कधी उभा राहिला नसतास. मी ओळखतो तुला. मला एकच हात. दुसरा तुझा होता, तोबी गेला असता."

मी रडलो. हत्यारांसमोर, रस्त्यावरची लोकं बघत असताना, मोठ्यानं रडलो. म्हणलं, मला माफ कर. तो म्हणला, "ऊठ, नारळ फुटायचाय अजून." मला तांब्या उचलवंना. तवा त्यानं तो आपल्या हातानं उचलला, माझ्या दोन्ही हातांत दिला आन् खालनं आपला तळवा लावला. आमी पाणी घातलं. एका जाळीतनं आत गेलं, दुसऱ्या जाळीतनं बाहेर आलं, आन् पाटावरनं खाली वाहून गेलं.

नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा त्यानं मागून घेतला, पयल्यासारखा. बरमा माझ्याकडंच ठेवून गेला. मी म्हणलं, "बस की जरा, भाकर खाऊन जा." तर म्हणला, शेठ चारच्या गाडीनं येणार आहे, टांगा यायच्या आत फाटकाशी असलं पायजे. मी म्हणलं, "मी येतो तुझ्या संगं."

"कशाला?" त्यानं टोपी नीट केली. "फाटकाला एक हात पुरतो, गेणूभाऊ."